लीलाबाईंचा चहा

८ सप्टेंबर २००६, राजापेठ, अमरावती
पितृपक्षात घर बदलू नये म्हणतात. म्हटलं, मला आता काय फरक पडणार! अकोल्याच्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत. उपचारांसाठी इथं खोली घेतली. माडीवरची, हवेशीर, खिडकीला पेरूचं झाड. जेवणही घरमालकीणच देते. दुकानात टूथपेस्टची मोठी ट्यूब उचलली, विचार केला आणि छोटीच घेतली. स्वतःशीच हसलो. चित्रकलेचा मास्तर होतो, निवृत्त आहे, मागे-पुढे कोणी नाही. मरायला अशी निवांत जागा मिळणं हेही नशीबच.

११ सप्टेंबर
मालकीण लीलाबाई पूर्वी नर्स होत्या. नवरा दोन वर्षं तळमळत गेला, तेव्हापासून आजारी, एकट्या माणसांनाच खोल्या देतात. आवाज फार मायेचा. शेजारच्या खोलीत जानराव आहेत, एसटीचे कंडक्टर होते. लकव्यानं दोन्ही हात गेले आहेत. सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावून देतो. तेव्हा ते विचारतात, गुरुजी, तुमचा ष्टॉप कोणता? फार हसतो आम्ही.
आज लीलाबाईंनी दोघांनाही विचारलं, तुमाले गोडाचं काय आवडते? जानराव म्हणाले, बासुंदी. मी म्हटलं, आल्याचा चहा असला की झालं.

१५ सप्टेंबर
जानराव गेले. दुपारी लीलाबाईंनी भरवलेली बासुंदी खाऊन झोपले, ते उठलेच नाहीत. उशाशी फवारणीच्या औषधाची बाटली होती. खोलीत तो उग्र वास.
पोलीस चौकीतला जमादार आला. त्यानं एकच विचारलं, यायच्या नावावर शेती हाय का? लीलाबाई म्हणाल्या, गावाकडे दोन एकर. सातबारा हाय, मग झालं, असं म्हणून त्यानं शेतकऱ्याची आत्महत्या लिहून टाकली. पाच मिनिटंही लागली नाहीत. या दिवसांत अशा बाटलीजवळच्या माणसाबद्दल कोणी दुसरं काही विचारतच नाही.

१७ सप्टेंबर
सकाळी सवयीनं जानरावांच्या खोलीपर्यंत गेलो. दारातच थांबलो.
ज्यांना बटण लावता येत नव्हतं, त्यांनी बाटलीचं बूच कसं उघडलं?

१८ सप्टेंबर
शेजारी अब्दुल सत्तार गाद्या भरतात. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. चार वर्षांत या घरातून गेलेले जानराव तिसरे. सगळे आजारी, सगळ्यांजवळ बाटली. सत्तारभाई म्हणाले, बाई देवमाणूस हाय गुरुजी, तिच्याच नशिबात असं कावून येते काय मालूम.

१९ सप्टेंबर
चौकीत जाऊन सगळं सांगितलं. जमादारानं चहा पाजला, माझा आजार विचारला आणि हाताला धरून घरी आणून सोडलं. लीलाबाईंना म्हणाला, गुरुजीले जपा, दुखण्यानं डोकं फिरून राहिलं त्यायचं.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे. पेशंटकडे बघतात तसं.

२० सप्टेंबर
ताट परत पाठवलं. बाजारातून केळी आणून खाल्ली. मरायचंच म्हणून आलेला माणूस मी, आणि केळ्याच्या सालीला कुठं भोक आहे का ते तपासत बसलो. हसू आलं, मग रडू. मला जगायचंय. उरलेले पाच महिने असोत की पाच दिवस — ते माझे आहेत.
दारावर टकटक. चहा ठेवून गेल्या. मोरीत ओतला.

२१ सप्टेंबर
पुन्हा चहा. पुन्हा ओतला. पायांवर सूज. उद्या अकोल्याची गाडी धरायची.

२२ सप्टेंबर, सकाळ
जिन्यावरून पडलो. उजवा पाय हलत नाही. सत्तारभाईंनी उचलून परत खाटेवर आणलं. त्यांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, जुम्याची नमाज झाली का ऑटो घेऊन येतो, तवरोक काहीच तोंडात घालू नोका.

दुपार
लीलाबाई आल्या. हातात कप. मी सरळच विचारलं — जानरावांना तुम्हीच...?
हो म्हणाल्या. लपवलं नाही. नवऱ्यानं हात जोडून मरण मागितलं होतं, तवा माह्याकडून झालं नाही. तवापासून कोणाले मागाची पाळीच येऊ देत नाही.
मी ओरडलो, मी मागितलं नाही! मला जगायचंय!
त्या दचकल्या. खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, असं आजवर कोणी बोललंच नाही.
कोणाला विचारलं होतं? — मी.
त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कप स्वतःच्या तोंडाला लावला, अर्धा प्यायल्या. भेऊ नोका गुरुजी, म्हणाल्या, हा घ्या, साधा हाय.
तीन दिवसांत चहाचा थेंब घेतला नव्हता, सकाळपासून पाणीही नाही. त्या प्यायल्या हे डोळ्यांनी पाहिलं. आल्याचा वास — मी घेतला. सगळा.

त्या अजून बसल्या आहेत. कपाळावर घाम. म्हणतात, आता दोघायची बी सुटका. एकटीनं जायाचं मले भेव वाटत होतं.

हात थरथर — अक्षर दिसत
अजान संपून किती वेळ —
खाली ऑटो थांबला. सत्तारभाईंचा आवाज. जिना चढताहेत. त्या उठून दाराशी गेल्या, कडी लाव—
ओरडतोय मी, आवाज का नाही येत
सत्तारभाई दार तोडा मी अजून