नाव उघड करणारं विधेयक

९ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भावजींचा खोकला गेला आणि धाकट्याला नोकरी लागली हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणशील तर अधिवेशन सुरू झालंय, त्यामुळे बोटं दुखतात, पाठ धरते, आणि ज्यांची भाषणं मी शब्दन् शब्द उतरवून घेते त्यांना दुसऱ्या दिवशी ती वाचून स्वतःचाच अभिमान वाटतो. आम्हा प्रतिवेदकांचं आयुष्य असंच जायचं. हे पत्र नेहमीसारखं तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी फोनवर हे बोलता येणार नाही. तू स्पीकर लावून बोलतेस आणि सगळं घर ऐकतं.

सही करून झाल्यावर समासात बारीक अक्षरात जे विचारलं आहेस, ते खरं आहे. पेपरात आलेलं विधेयक आमच्याच सभागृहात मांडलं गेलं. मांडणाऱ्या बाई पूर्वी लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, आता विरोधी बाकावर बसतात. आम्ही त्यांना डॉक्टरबाईच म्हणतो. मजकूर जेमतेम दोन पानांचा आहे. दत्तक गेलेलं मूल सज्ञान झाल्यावर त्याने अर्ज केला, तर प्रसूतिगृहाच्या नोंदीतलं जन्मदात्या आईचं नाव सरकारने त्याला द्यायचं. जुन्या नोंदींनाही हे लागू होईल.

तुझी पाचावर धारण बसली असेल, म्हणून आधी हे वाच. हे सरकारने आणलेलं विधेयक नाही, एका सदस्याचं आहे. अशी विधेयकं दर अधिवेशनात ढिगाने येतात. शुक्रवारी दुपारी, निम्मं सभागृह घरी जायच्या तयारीत असताना, ती चर्चेला घेतात. मंत्री उठतात, सदस्यांच्या भावनेचं कौतुक करतात, सरकार सकारात्मक विचार करेल म्हणतात, आणि सदस्य विधेयक मागे घेतात. मंत्र्यांचं ते वाक्य मला झोपेतही लिहिता येईल. याचंही भिजत घोंगडं पडेल.

मला आठवतं का, असं तू विचारलंस. मी बारा वर्षांची होते. तू मावशीकडे शिवण शिकायला गेलीस आणि बऱ्याच महिन्यांनी परत आलीस. त्यानंतर आईने तुला साधं बटण लावायलाही कधी सांगितलं नाही. तेव्हाच मला कळलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही.

भावजींना आणि मुलांना काही कळायचं कारण नाही. जीव टांगणीला लावून बसू नकोस. काही हललं तर लगेच लिहीन.

तुझी,
धाकटी


२२ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. माझा अंदाज चुकला. मंत्र्यांनी कौतुक केलं खरं, पण त्यांच्याच पक्षाचे दोघे-तिघे उठून विधेयकाच्या बाजूने बोलले. मग मंत्र्यांनी ते समितीकडे पाठवून दिलं. आमच्याकडे नको असलेली गोष्ट समितीकडे पाठवतात, तेव्हा त्यात घाबरण्यासारखं फार नाही. पण समितीने लोकांना साक्षीला बोलावलं, आणि साक्षी उतरवून घ्यायला माझी नेमणूक झाली.

तू विचारलंस, आईला नको असेल तर काय. त्यावर समितीत बराच खल झाला. एक नवीन कलम घालायचं चाललंय. आईने वर्षभरात हरकतीचा अर्ज दिला, तर तिचं नाव बंद राहील. तू लगेच विचारशील, अर्ज कुठे मिळतो. ताई, त्या अर्जावर आधी स्वतःचं नाव घालावं लागेल. ओळखपत्र जोडावं लागेल. म्हणजे लपून राहायचं असेल तर कुठल्यातरी कचेरीच्या खिडकीशी उभं राहून आतल्या माणसाला सांगायचं, की ती बाई मीच. एक सदस्य हे बोलून दाखवून हसले. बाकीचेही हसले. मी कंसात ‘हशा’ लिहिलं आणि पुढे गेले.

साक्षी तीन झाल्या. एक वकील, एक निवृत्त परिचारिका आणि एक बालवाडीची शिक्षिका. वकील सगळ्यात जास्त बोलले आणि त्यांच्या बोलण्यातून सगळ्यात कमी हाती लागलं. परिचारिकाबाई म्हणाल्या, आम्ही त्या मुलींना शब्द दिला होता की नाव कुणाला कळणार नाही, आता तो आम्ही कुठल्या तोंडाने मोडायचा. त्यांच्या बोलण्याने तुला धीर आला असता.

शिक्षिका तिशीची असेल. साधी, केस मागे घट्ट बांधलेले. बसल्याबरोबर तिने खुर्ची थोडी तिरकी केली. साक्ष देताना ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, “मी भरभर बोलतेय का? तुम्हाला लिहायला जमतंय ना?” इतक्या वर्षांत कुणा साक्षीदाराने माझ्याकडे बघितल्याचंही मला आठवत नाही. आम्हाला बैठकीत बोलायची परवानगी नसते. मी मान हलवली. ती काय बोलली हे मला लिहिता येणार नाही, अहवाल येईपर्यंत साक्ष बाहेर सांगायची नसते. तसं विशेष काही नव्हतंच.

ताई, तुझा कान आता कसा आहे? ऑपरेशनच्या आधी तू समोरच्याकडे उजवी बाजू करून बसायचीस. आपले अप्पाही तसेच बसायचे, आठवतं? आपण त्यांना रुसलेला राजा म्हणायचो. त्यांच्या वेळी ऑपरेशन कुणी सुचवलंही नाही. तुझ्या डॉक्टरांनी हे घराण्यात असतं असं सांगितलं होतं ना? कानातलं हाड घट्ट होत जातं, असंच ना? उगाच विचारते आहे. जमलं तर लिही.

इकडे बाकी सगळं ठीक.

तुझी,
धाकटी


११ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आधी तुला हवी असलेली बातमी. विधेयक बारगळलं. परवा अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. निवडणुका लागल्या आहेत, त्यामुळे हे सभागृह आता पुन्हा भरणार नाही, आणि सभागृहाबरोबर त्याच्यापुढची मंजूर न झालेली विधेयकंही जातात. समितीचा अहवाल आला होता, विधेयक कार्यक्रमपत्रिकेवरही होतं, पण अगदी शेवटी. आधीची विधेयकं सरकारला हवी होती, ती धडाधड मंजूर झाली. कुणी वाचलीही नसतील. मग वेळ संपला. पुन्हा आणायचं तर नव्या सभागृहात पहिल्यापासून सगळं करावं लागेल. डॉक्टरबाई आता उभ्या राहणार नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कुणी हे हातात घेईल असं मला वाटत नाही.

म्हणजे तू सुटलीस. हरकतीचा अर्ज नको, खिडकी नको. भावजींना काही कळणार नाही. हे लिहिताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटत नाहीये.

ऑगस्टमध्ये मी तुला अर्धंच लिहिलं. त्या शिक्षिकेने जन्माचा महिना सांगितला, वर्ष सांगितलं, प्रसूतिगृह सांगितलं. मावशीच्या घरामागचं तेच. एवढ्यावर मी गप्प बसले असते, त्या महिन्यात तिथे आणखीही मुलं जन्मली असतील. पण ताई, ती खुर्ची तिरकी करून बसली होती आणि समितीचे अध्यक्ष बोलले की हनुवटी वर करून उजवी बाजू पुढे आणत होती. माझ्यासमोर अप्पा बसले होते. माझा हात लिहीत राहिला म्हणून कुणाला काही कळलं नाही. ती तुझी मुलगी आहे.

अध्यक्षांनी तिला विचारलं होतं, आईचं नाव कळून तुम्ही काय करणार. ती म्हणाली, नाव नाही कळलं तरी चालेल. तिचा डावा कान जवळजवळ गेला आहे, आता उजवाही कमी झाला. बालवाडीतल्या पोरांचे बारीक आवाज तिला आधी ऐकू येईनासे झाले. पोरं येऊन तिची बाही ओढतात. डॉक्टरांचं एकमत होत नाही. कुणी नस म्हणतो, कुणी हाड. प्रत्येक जण विचारतो, घरात कुणाला असं होतं का, आणि ती दर वेळी माहीत नाही म्हणते. एवढंच तिला हवं होतं.

साक्षीचा मजकूर तपासायला साक्षीदाराला बोलावतात, तशी ती सप्टेंबरात आमच्या खोलीत आली. माझ्या टेबलाशी बसून तिने सगळं वाचलं, आणि जिथे ती ‘आई’ म्हणाली होती तिथे तिथे खोडून ‘त्या बाई’ केलं. म्हणाली, आमची आई हा अहवाल वाचेल, तिला वाटेल मी दुसरी आई शोधत फिरते. बोललेलं असं बदलू द्यायचं नसतं. मी बदलू दिलं. तिला वाढवणारी बाई चांगली आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तेव्हाही मी तिला काही बोलले नाही. निर्णय तुझा होता, आणि विधेयक मंजूर झालं तर माझ्यावाचून सगळं होईल, असं मी स्वतःला समजावलं.

परवा ती प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली होती. अध्यक्षांनी समारोप केला, सदस्य उठले, एकमेकांचे फोटो काढायला लागले. सज्जा रिकामा झाला. ती तशीच बसून होती, नजर अध्यक्षांच्या खुर्चीवर. आमच्या सभागृहात आवाज घुमतो, चांगल्या कानांनाही नीट लागत नाही. रखवालदार मागून, डाव्या बाजूने तिला उठायला सांगत होता आणि त्याला वाटत होतं ती मुद्दाम ऐकत नाही. त्याचा आवाज चढायला लागला. मी कागद टाकून वर गेले. आजवर त्या जिन्याने मी कधी गेले नव्हते.

तिने मला ओळखलं. हसली. म्हणाली, “आता आमचं येईल ना?”

मी तिच्या उजव्या बाजूला बसून सगळं समजावून सांगितलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. रडली नाही. पर्स उचलली, आणि म्हणाली, ठीक आहे, म्हणजे पुढच्या महिन्यात डॉक्टर पुन्हा विचारतील आणि मी पुन्हा माहीत नाही म्हणेन. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. त्यानेच मला गप्प राहवेना.

तोवर मी तिच्याशी अहो-जाहो करून बोलत होते. ते कधी सुटलं मला कळलं नाही. मी म्हटलं, “डॉक्टरांना सांग, घरात आहे. आजोबांना होतं. नंतर त्यांच्या मुलीला झालं. दोघांचाही डावा कान आधी गेला. नस नाही, हाड आहे.”

“कुणाच्या घरात?”

“तुझ्या.”

तिने उचललेली पर्स पुन्हा मांडीवर ठेवली. रखवालदार किल्ल्या वाजवत दाराशी उभा होता. मला वाटलं ती आता नाव विचारणार, आणि मी काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. तिने नाव विचारलं नाही. मी कोण, हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “त्यांना आता ऐकू येतं का?”

मी म्हटलं, ऑपरेशन झालं, आता बरंच येतं.

“मग बरं झालं,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

ताई, तुझं नाव मी सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. तू तसं कधी स्पष्ट बजावलं नव्हतंस, पण तुला काय हवं होतं ते मला माहीत होतं, आणि तरी मी एवढं बोलले. तुला रागवायचं असेल तर रागव. पत्र पाठवणं बंद केलंस तरी मी समजू शकेन. पण अप्पा माझेही वडील होते. त्यांच्या कानाबद्दल कुणाला सांगायचं, यात माझाही थोडा हक्क आहे असं मला वाटलं. ती पोरगी दोन्ही कानांनी बहिरी झाली असती, आणि ते कशाने हे मला माहीत असतं. ते घेऊन मला रोज त्या टेबलाशी बसता आलं नसतं.

आता कुठलाही कायदा तुला काही करायला लावणार नाही. ती तुझ्या दारात येणार नाही, तिला दारच माहीत नाही. तिचा पत्ता आमच्या कचेरीत आहे. तू मागितल्याशिवाय मी तो पाठवणार नाही, आणि तू मागावास म्हणून तुझ्या मागेही लागणार नाही. तिच्या ऑपरेशनचं काय ठरलं हे मलाही कळणार नाही. ती आता कशाला येईल आमच्याकडे?

पण तुला कधी वाटलंच, आणि तू गेलीसच, तर तिच्या उजव्या बाजूला उभी राहून बोल. डावीकडून हाक मारलीस तर ती वळणार नाही, आणि तुला वाटेल ती रागावली आहे.

तुझी,
धाकटी