टेपच्या पाठीवरचा माझा थर

४ जानेवारी
साडूने चोरी केली. दुसरा शब्द नाही. रिळावर गुंडाळलेला टेप स्वतःच्याच पाठीला चिकटून बसू नये म्हणून पाठीवर एक पातळ थर देतात. त्यातला सगळ्यात सरस थर माझा. लॅबमध्ये अकरा वर्षं नाक जाळून काढलेला! आणि पेटंट साडूच्या नावावर! माझ्या हाताखाली शिकला आणि समोरच्या कंपनीत गेला. ठरलं. त्याचं पेटंट रद्द करायचं, माझ्या नावावर घ्यायचं. रागवायचं नाही. शांतपणे ठेचायचं.

५ जानेवारी
साडूशी फोनवर शांतपणे बोललो. शेजारी काय झालं म्हणून विचारायला आले.

१९ जानेवारी
वकीलबाई गाठल्या. म्हणाल्या, प्रयोगांची तारीखवार वही आणा. वही? माझं सगळं डोक्यात असतं! बायको म्हणाली, डोक्यातलं कोर्टात कसं नेणार? दुर्लक्ष केलं.

२ फेब्रुवारी
मेहुणीचा फोन. साडू म्हणे पेटंटवर दोघांचं नाव घालायला तयार आहे. म्हणजे चोर अर्धा माल परत करून साव होणार! कळवलं, माझ्या घराची पायरी चढू नका. बायको जेवली नाही. मी जेवलो. लढायला ताकद लागते.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३
सापडला! माळ्यावर, सहा वर्षांपूर्वीच्या मासिकातला माझा लेख! फोटोसकट. थराची अख्खी कृती, प्रमाणासह. साडूचा अर्ज त्यानंतर चार वर्षांनी! वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. हा दाखवलात तर तुम्हीही बुडाल, म्हणाल्या. भित्र्या! काढून टाकलं. केस मीच लढवणार, पेटंटसाठी माझा अर्जही मीच भरणार.

१७ जून
सुनावणी. लेख टेबलावर आपटला. साडूचं तोंड एवढंसं झालं. अधिकाऱ्यांनी लेख दोनदा वाचला. आवडला असणार.

९ ऑगस्ट
साडूचं पेटंट रद्द!!
खालच्या ओळीत माझाही अर्ज फेटाळलाय. जी कृती आधीच छापून जगजाहीर केली, तिच्यावर कुणालाच हक्क नाही म्हणे. आता हा थर कोणीही बनवावा. बायकोने विचारलं, मग जिंकलं कोण? मी, असं सांगितलं. जरा मोठ्यानेच.

१० ऑगस्ट
साडूचा फोन. शिव्या तयार ठेवल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "दादा, लेखातला फोटो नीट बघा. तुमच्या मागे भांडं ढवळतोय तो मी."
भिंग घेऊन पाहिलं.
आहे.