माझ्या मयताची बिअर

१२ ऑगस्ट
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सफरचंदं उतरेपर्यंत. माझे दिवस तेवढेच! मी विचारलं, लवकरची सफरचंदं की उशिराची? त्यांना हसू आलं नाही. परतताना गाडी गिंतास चालवत होता. एवढा बाप्या मुलगा, पण रस्ताभर नाक ओढत होता. शेवटी मीच विचारलं, मयताच्या जेवणाला घरची बिअर कोण घालणार? तर म्हणे, बिर्झाईच्या कारखान्यातून पिंपं मागवू, आई, आत्ता कशाला तो विषय.

मागवू! या घरातून माणूस गेला आणि विकतची बिअर आली, असं आजवर झालेलं नाही. माझ्यापासून तर मुळीच सुरू होणार नाही.

१५ ऑगस्ट
मीच घालणार. ठरलं. गिंतासच्या शेतातलं जव नको, तो औषधं फवारतो. न्हाणीघरामागे माझा जवाचा पट्टा आहे, तिथे शेणखताशिवाय काही पडू दिलेलं नाही. एकदा त्याच्या ट्रॅक्टरपुढे आडवी उभी राहिले होते त्यासाठी. कडवटपणाला कुंपणावरच्या हॉप्सच्या वेलाची फुलं. खमीर सासूबाईंच्या वेळचं, गारव्याला विहिरीत बरणीत सोडलेलं.

गिंतास म्हणतो, हे अभद्र आहे. असू दे. मरण माझं, बिअर माझी.

२ सप्टेंबर
मोड आलेल्या जवाचं पीठ मळून पाव भट्टीत घातले. उद्या ते कुसकरून पाण्यात, पिंपात; आमची बिअर अशा पावांचीच होते. ओझं उचलायला शेजारच्या अदोमासला बोलावलं. काम करता करता म्हणतो, "उर्शुले, ही बिअर जेमतेम पंधरा दिवस टिकते. वेळेवर मर म्हणजे झालं."

मेल्याचं खरंच की! आपण उकळत नाही, म्हणून लवकर आंबते. जन्मभर बिअर घातली आणि रागाच्या भरात एवढं डोक्यात आलं नाही.

२० सप्टेंबर
आंबायला लागली. मी ठणठणीत नाही, पण आहे. टाकून द्यायची? छे! गावाला बोलावलं. काय घालून यावं कळेना, म्हणून सगळे काळे कपडे घालून आले बिचारे. मेलेल्यांसाठी पहिला घोट जमिनीवर सांडायची वेळ आली, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, माझ्यासाठी सांडू नका, मी पेल्यातून घेते. मग मात्र हसले. गाणीसुद्धा झाली.

गिंतास फिरकला नाही. लाज वाटत असेल.

२१ सप्टेंबर
परत घालणार!

१४ ऑक्टोबर
सफरचंदं उतरली, उशिराचीसुद्धा. मी आहे!

दुसरी बिअरही आंबली. बरीचशी अदोमासनेच संपवली, आणि वर म्हणतो, तू मरायचं नाव घेत नाहीस आणि इकडे माझी कंबर मोडते, आता मुलाला सांग. नाही सांगणार. ज्यानं आईच्या बिअरला तोंड लावलं नाही, त्याच्यापुढे पदर पसरू?

१९ ऑक्टोबर
एकटीनंच पिठाचं घमेलं उचलायला गेले आणि पडले. पीठ सगळं जमिनीवर. तिथेच बसून रडले. मरणाला भीत नाही मी, पण हातात जोर राहिला नाही याचा संताप येतो.

गिंतासनं उचलून खाटेवर ठेवलं. फार हलकी झालेय म्हणे. मी म्हटलं, विकतची आणलीस तर शवपेटीतून उठून बसेन. तो उंबऱ्यापर्यंत जाऊन परत वळला. मग म्हणाला, "तू बिअर घालायला घेतलीस की मला वाटतं, तुला जायची घाई झालीय."

आणि मी समजत होते, याला लाज वाटते.

३ नोव्हेंबर
सकाळपासून भट्टी पेटलीय. पेटवली कोणी? खाटेवरून दारापलीकडची भट्टी दिसते. गिंतास, बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत पीठ. जव कोणतं घेऊ, हे एका शब्दानं विचारलं नाही. पोतं मात्र न्हाणीघरामागच्या जवाचंच.

पाव करपतायत. इथून हाक मारली तर त्याला ऐकू जाईल. मारली नाही. ही बिअर त्याची.