कृपया शांतता

बुधवार, ११ मार्च

प्रिय ताई,

तुला सलाम, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा सलाम, कारण तक्रारी त्यांच्याच जास्त असतात.

तुझं पत्र मिळालं. मी चर्चमध्ये उपासनेला दिसत नाही, असं पाळकसाहेबांनी तुला कळवलं म्हणे. खाली तुझी शाबासकी: "अक्षर मात्र सुधारलंय हो तुझं." दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण आधी खबरबात.

बायको ठणठणीत. माझ्यावर ओरडते, म्हणजे फुप्फुसं उत्तम. पाट्या रंगवायची कामं कमी झालीत. हल्ली यंत्र छापून देतं, त्याला चहा लागत नाही. तरी एका इस्पितळाने बोलावलं. वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर "कृपया शांतता राखा". ही आज्ञा मी शंभरदा तरी रंगवली असेल. पाळताना एकालाही पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी शिडीवर चढलो. सुताने रेघ मारली, खडूने अक्षरं आखली. "कृपया" झालं. "शांतता" कसंबसं झालं. "रा"च्या वळणाला ब्रश टेकवणार, तर ताई, हात माझा राहिलाच नाही.

आता सांगतो. सहा महिने झाले, उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. मागची तीन पत्रं मी सांगितली, बायकोने लिहिली. सुधारलेलं अक्षर तिचं. आणि उपासनेत गायनाचं पुस्तक धरलं की ते नाचतं, शेजारचे कळवळून बघतात. पण तेही निमित्तच. खरं म्हणजे देवाशी अबोला धरला होता. बत्तीस वर्षं चर्चच्या भिंतींवर त्याची वचनं फुकट रंगवली, आणि त्याला नेमका माझाच हात सापडला?

तर त्या शिडीवर, सगळं पुसून टाकावं म्हणून फडकं काढलं. ही शेवटची पाटी, असं ठरवूनच. खाली बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांची पत्नी आत, आठ दिवस बेशुद्ध.

"अहो, पुसताय काय?"

"वाक्य अर्धं राहिलंय, मास्तर."

"अर्धं कसं? छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलंय मी. कृपया, तृतीया विभक्ती. म्हणजे कृपेने." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "कृपेने शांतता. क्रियापद अध्याहृत."

"अध्याहृत म्हणजे?"

"न लिहिता समजून घ्यायचं. करणारा दुसरा आहे. आठ दिवस मी इथे बसून हेच मागतोय, आणि तुम्ही फडकं घेऊन निघालात!"

मी फडकं पुन्हा खिशात कोंबलं. बत्तीस वर्षं मी त्या शब्दाने लोकांना दटावत होतो. त्यात कृपा बसलेली आहे हे रंगवणाऱ्यालाच दिसलं नाही. "राखा" तेवढं मला पाठ. धंदा राखा, हात राखा, अब्रू राखा. नेमका तोच शब्द देवाने लिहू दिला नाही.

बाहेर ट्रॉली खडखडत होती, कुणाचा तरी फोन वाजत होता. आणि त्या सगळ्या गोंगाटात, ताई, तो आला. थट्टा नाही करत. मान वर करायची छाती झाली नाही. हात तसाच हलत होता, निळे थेंब पँटवर पडत होते, आणि मला भीती वाटत नव्हती. सहा महिन्यांत प्रथमच.

मेट्रन तरातरा आल्या. "राखा कुठाय?"

"बाई, हळू," मास्तर म्हणाले. "आधी वाचा तर."

त्या वाचत राहिल्या. मग इतक्या हळू बोलल्या की मला शिडीवरून वाकावं लागलं. "राहू दे असंच."

रविवारी उपासनेला गेलो. पुस्तक नाचलं. नाचू दिलं.

मास्तरांच्या पत्नीला अजून शुद्ध नाही. प्रार्थनेत त्यांना धर. मास्तर बाकावरच आहेत, भिंतीकडे तोंड करून.

हे पत्र माझ्या हातचं. तीन दिवस लागले. जिथे अक्षर लागणार नाही, तिथे अध्याहृत धर.

कृपया,
तुझा धाकटा