रविवारचा काळा कोट

तुळजापूर, रविवार, दिवेलागण

आज हे पुन्हा काळा कोट घालून कचेरीला निघाले. निजामाच्या राज्यात वीस वर्षं सुट्टी शुक्रवारची. आता निजाम गेला, ती रविवारी आली, ते ह्यांच्या अंगवळणीच पडत नाही. तिसरा रविवार हा!

मी चुलीपाशी होते. कोट दिसला, वारही ठाऊक होता, तरी गप्प बसले. का बसले? हे घरी असले की घटकेघटकेला चहा हवा, नाहीतर पानाचा डबा. दिराकडं देवळातली पूजा, म्हणून मंगळवारी-शुक्रवारी घरात यात्रेकरूंच्या पंगती. मग मला सुट्टी कुठल्या वारी? हे गेले आणि मी तवा उतरवून ओसरीवर नुसती पाय पसरून बसले. किती बरं वाटलं!

दोन तासांनी आले. "कुलूप होतं गं कचेरीला. विसरलोच बघ."

मला मेलीला लाज वाटली. दिवसभर तो कोट डोळ्यांपुढून हलेना.

आत्ता दिवा लावताना कोनाड्यात ह्यांचा चष्मा दिसला. सकाळपासून तिथंच होता. चष्म्याशिवाय ह्यांना एक अक्षर दिसत नाही.

"अहो, चष्मा न घेताच कचेरीत गेला होतात?"

हे सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "बसलीस का गं जरा?"

"बसले."

"मग येत्या रविवारीही विसरीन म्हणतो."

मी उठले. कोट तेवढा झटकून दाराजवळच्या खुंटीला लावला, ह्यांच्या हाताशी येईल असा.