तीन ठिपक्यांचे कोयते

१२ मे १९९४
पेपरात आतल्या पानावर रवांडाची बातमी. एका जमातीचे लोक शेजारच्या जमातीच्या घरांत शिरून पोराबाळांसकट मारताहेत. बंदुका थोड्या, बहुतेकांच्या हातात कोयते. पुढचं वाचवेना. चहा गार झाला.
शालू : "पाव कित्याक ठेवलात?"
पेपर घडी घालून ठेवला.

१३ मे
गेल्या वर्षी आमच्या तुये गावच्या कारखान्यातून कोयते गेले. आफ्रिकेतलं मोंबासा बंदर. तिथून पुढे कुठे, ते कागदावर नाही. तपासनीस मी. पास केलेल्या प्रत्येक पात्यावर मुठीजवळ माझ्या ठशाचे तीन ठिपके. पहिल्या पेटीवर नारळ मीच वाढवला. आणि बोथट म्हणून दोन पेट्या मीच परत फिरवल्या, सगळ्यांच्या शिव्या खाऊन पुन्हा धार लावून घेतली. मॅनेजरनं पाठ थोपटली तेव्हा केवढा फुगलो होतो!
ते आमचेच असतील असं नाही. आफ्रिका केवढी मोठी. कोयते काय सगळं जग करतं.

२ जून
मॅनेजरला विचारलंच, माल शेवटी कुठे गेला. हसला. "नायकानू, कोयतो नाल्ल सोलपाक आसता. थंय कोण कितें करता तें आमी पळोवपाचें?" म्हणे नारळ सोलायचा कोयता, तिकडचं आपण कशाला बघायचं.
पेपर म्हणतो, मोठी राष्ट्रं अजून याला काय म्हणायचं त्यावर खल करताहेत. नरसंहार म्हटलं तर काहीतरी करावं लागेल, म्हणून म्हणत नाहीत. शांतिसेनेचे होते ते जवानही बहुतेक मागे घेतले. संतापलो, शालूला वाचून दाखवलं. दुपारी कामावर जुनी फाईल काढली. मालाच्या कागदावर माझ्याच अक्षरात : शेतीची अवजारे.

२० नोव्हें.
शालूचा धाकटा भाऊ विठू, सातार्ड्याचा, फौजेत हवालदार. शांतिसेनेची निळी टोपी घालून रवांडालाच निघालाय. सगळं उरकल्यावर! शालू दिवसभर रडतेय.
त्याला पत्र लिहिलं. चार फाडली, पाचवं टाकलं. कुठे कोयता दिसला तर मुठीजवळ बघ. वर कागद ठेवून पेन्सिल घास, पोरं नाण्यावर घासतात तशी. नुसतं आहे-नाही कळवू नकोस, माझा विश्वास बसणार नाही.
माझी तपासनिशी काही सुटत नाही.

४ मार्च ९५
विठूची पत्रं शालूला येतात. 'हय बरा आसा, काळजी करू नको.' मला एक ओळ नाही.
घरच्या कोयत्यावरही तेच तीन ठिपके. शालू त्यानं शहाळी तासते. ती तासायला बसली की मी परसात जातो. तिच्या लक्षात आलंय, विचारत नाही.

१७ सप्टें.
विठू रजेवर आलाय. आज आमच्याकडे जेवायला. शालूनं आत भोपळा फोडला, कोयत्याचा आवाज आला, आणि हा भरल्या ताटावरून उठला. विहिरीपाशी जाऊन बसला. मी मागोमाग गेलो.
"भावोजीनू, लोक देवळात लपले हुते. त्यांच्या देवळात. थयच..." विहिरीत खडा टाकला. मग, "कोयत्यांचो ढीग बघलंय मी. पयलो हातात इलो, तेच्यार कागद घासलंय. तुमी सांगलात म्हणान."
"ठिपके होते?"
"तां माका इचारू नकात."
बंद पाकीट हातात दिलं. मी का लिहिलं होतं त्याला? सगळं बघून आला होता बिचारा, त्यात हे आणखी.

खंडेनवमी
कारखान्यात यंत्रांना झेंडूचे हार. मोंबासाचा नवा माल तयार आहे. परवा पहिल्या पेटीवर नारळ, वाढवायचा मीच. मॅनेजरनं माझा ठसाही ताटात ठेवून फुलं वाहिली.
घरी पाटावर विळी, फावडं, पहार, कोयता. शालूनं सगळ्यांना कुंकू लावलं. मी विठूचं न उघडलेलं पाकीट कोयत्याशेजारी ठेवलं. पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. तेवढाच एक दिवस सुटलो.

दसरा
शालूनं पाट आवरला. विळी जागेवर, कोयता कोनाड्यात. पाकीट तेवढं तिनं उचललं नाही. वर कुंकवाचा डाग पडलाय. विठू सोनं द्यायला आला, पाटाकडे बघून गेला.
काल संध्याकाळी निघताना ताटातला ठसा खिशात घालून घरी आणला. पुजलेला होता तरी. कोणाला सांगितलं नाही. तीन ठिपक्यांशिवाय माल निघत नाही. नवा ठसा करायला त्यांना दोन दिवस लागतील, फार तर तीन.