कच्च्या दोऱ्याचं शिसं

नागाव, ता. अलिबाग
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. विनेश यास,

धनेशचे आशीर्वाद. इकडे आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. नारळ यंदा चांगला लागलाय. भाड्याच्या दोन्ही खोल्यांत शनिवार-रविवार पाहुणे असतात.

रचनाचा फोन आला होता, तुला न सांगता. तिला ओरडू नको. म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरांनी यांना शांत बसायला सांगितलंय, म्हणून हे कर्जतकडच्या तळ्यावर गळ घेऊन गरवायला जाणार. मासा पकडून परत सोडायचा म्हणे. मोबाईलवर बघून ढीगभर सामान मागवतायत. तुम्हीच काय ते सांगा."

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ढीगभर सामानाने मासा लागत नाही बाबा, बायको तेवढी मागे लागते.

सोबत एक आठ फुटी काठी आणि साधं रीळ पाठवतोय. नवशिक्याला एवढं पुष्कळ. दोरी म्हणून साधा नायलॉनचा तंगूस लाव, मध्यम जाडीचा. खाडीवरची विणलेली दोरी तळ्यात नको, ती माशाचे ओठ कापते. गळ लहान घे आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक, म्हणजे सोडताना तोंड फाटत नाही. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळ, रोहू-कटला त्यावर येतात. मासा ओल्या गोणपाटावर घे. कोरड्या हाताने धरू नको.

आता मुख्य. गळ बुडवायला लावतो ते शिसं तंगुसाला घट्ट बांधायचं नाही. शिवणाच्या कच्च्या दोऱ्याने बाजूला लटकव. कुठे अडकलं तर दोरा तुटतो, शिसं तिथेच राहतं आणि मासा मोकळा होतो. खाडीत पाण्याला ओढ असते, तिथे आपण शिसं पक्कं बांधतो. ती सवय तळ्यात नेली की घात होतो.

हे मला कसं कळलं, ते लिहायला तीन दिवस लागले.

वाडीतल्या तळ्यातला आबांचा कटला तू विसरला नसशील. रोज सकाळी आबा भाकरीचा तुकडा घेऊन पायरीवर बसायचे आणि तो वर यायचा. सहा वर्षांपूर्वी तो मेला, तोंडात गळ आणि मागे मुळांत अडकलेलं शिसं. आबांची नजर चुकवून तळ्यात गरवायचास तू, आणि आदल्याच दिवशी मांडव्याहून बोटीने गेला होतास. दोरी-गळ तर घरात सगळे तेच वापरायचो, त्यावरून काही कळेना. आबांनी तुला फोन लावला, "माझ्या दारात पुन्ना पाय ठेवू नको." तू एवढंच म्हणालास, "आबा, मी नाय."

मी शेजारी उभा होतो. तो गळ माझा होता, विनेश.

तू गेलास त्याच दुपारी आबा बाजाराला गेले होते. पाहुण्यांना मोठा मासा दाखवायची मला हौस. खाडीचाच गळ टाकला, शिसं पक्कं बांधून. मासा लागला, रिळावरची गाठ सुटली आणि तो सगळं घेऊन खाली गेला. वाटलं, सुटेल आपोआप. आबांच्या भीतीने गप्प बसलो. तुझ्यावर आलं तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. उद्या करता करता आबा गेले, आणि तू स्मशानातूनच परत गेलास. मला तुझ्यापुढे उभं राहायची लाज वाटते.

परवा आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "माझा पोर सा वर्सं पायरी चढला नाय, आन तू रोज माझ्या हातचं जेवत व्हतास?" तेव्हापासून मला वाढते, पण बोलत नाही.

पार्सलच्या तळाशी ते शिसं आहे, दोरीसकट. आबांनी वाडीत भिरकावलं होतं, मी उचलून ठेवलं. गाठ बघ. दोन वेढे जास्त आहेत, ज्यावरून तू मला हसायचास. ज्याला दाखवायचं त्याला दाखव. आबांना दाखवायचं राहिलं ते राहिलंच.

मला फोन करू नको. आईला कर. ती दोन दिवस फोन मांडीवर घेऊन बसलीय.

इथे खाली "तुझा दादा" असं लिहायची सवय आहे. या खेपेला ते तुझ्यावर सोडतो.

धनेश